न्यूपोर्टचं ब्युरो टेबल खरं की नक्कल? आधी त्याची पाठ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका इस्टेट सेलमध्ये तुम्ही महोगनीचं ब्युरो टेबल घेतलंत. वर एक लांब खण, खाली दोन्ही बाजूंना तीन-तीन छोटे खण, मध्ये पाय आत घेता येतील एवढी पोकळी, तिच्या आत एक अरुंद दार, आणि दर्शनी बाजूला चार कोरीव शिंपले. विकणाऱ्यानं तोंडी सांगितलं की हे ‘गॉडर्ड-टाउनसेंड, न्यूपोर्ट, साधारण १७७०’चं आहे. पावतीवर मात्र ‘जुनं टेबल’ एवढंच लिहिलं. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हे खरं का, हे गॉडर्ड-टाउनसेंड कोण, आणि वरचं काळपट पॉलिश खरवडून टेबल नव्यासारखं करावं का. सोबत फोटो आणि लोकांनी सांगितलेल्या आणखी काही सुतारांच्या नावांची यादीही पाठवलीत.

पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून हे अठराव्या शतकातलं नाही. १८९० ते १९३० च्या दरम्यान कुठल्यातरी चांगल्या कारखान्यात झालेली ही नक्कल आहे, आणि नक्कल म्हणून ती उत्तम आहे. तिसऱ्याचं उत्तरही आत्ताच: पॉलिशला हात लावू नका, निदान मी खाली सांगतो ती चाचणी होईपर्यंत. मधलं उत्तर लांबलचक आहे, कारण ते कळल्याशिवाय बाकीची दोन पटणार नाहीत.

न्यूपोर्ट हे ऱ्होड आयलंडमधलं बंदर. अठराव्या शतकाच्या मध्यावर व्यापारात ते बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या पंगतीत बसत होतं. तिथल्या ईस्टन्स पॉइंट नावाच्या, पाण्याला लागून असलेल्या वस्तीत टाउनसेंड आणि गॉडर्ड ही क्वेकर या ख्रिस्ती पंथातली दोन कुटुंबं सुतारकाम करत. जॉब आणि ख्रिस्टोफर टाउनसेंड हे भाऊ पहिल्या फळीतले. जॉन गॉडर्ड जॉबच्या हाताखाली शिकला आणि त्याच्याच मुलीशी, हॅनाशी, त्याचं लग्न झालं. ख्रिस्टोफरचा मुलगा जॉन टाउनसेंड (१७३३–१८०९) हा माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत काटेकोर हात. त्यांच्यामागून मुलगे, पुतणे, जावई. तीन-एक पिढ्यांत वीसेक माणसं याच धंद्यात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. म्हणूनच ‘गॉडर्ड-टाउनसेंड’ हे जोडनाव पडलं. ती एखादी भागीदारीतली पेढी नव्हती. प्रत्येकाचं दुकान वेगळं होतं. विकणारे हे जोडनाव असं उच्चारतात की जणू दोघांनी मिळून पाटी लावली होती.

हे लोक साधेपणा पाळणाऱ्या पंथातले आणि त्यांनी बनवलेलं फर्निचर अमेरिकेतलं सर्वांत श्रीमंत दिसणारं, ही गंमत खरी. पण घेणारे बहुतेक व्यापारी होते. काकवी, रम आणि माणसांचा व्यापार यावर न्यूपोर्ट उभं होतं. गुलामांच्या व्यापारात उतरलेल्या अमेरिकन जहाजांपैकी मोठा वाटा ऱ्होड आयलंडच्या जहाजांचा होता. महोगनी येई ती जमैका, क्युबा, होंडुरासच्या बाजूनं, आणि ती झाडं तोडून किनाऱ्याला ओढत आणणारेही गुलामच. संग्रहालयातल्या पाटीवर हे आता कुठे लिहिलं जाऊ लागलं आहे. न्यूपोर्टचे सुतार फक्त गावातल्या बड्यांसाठी काम करत, असंही नाही. साधी डेस्कं आणि टेबलं जहाजात भरून दुसऱ्या वसाहतींत आणि वेस्ट इंडीजमध्ये विकायला पाठवली जात. त्यामुळे न्यूपोर्टचा साधा माल बराच आहे, शिंपल्यांचा फार थोडा.

आता तो शिंपला. दर्शनी भाग उभ्या तीन पट्ट्यांत विभागलेला असतो: कडेच्या दोन बाहेर आलेल्या, मधली आत गेलेली. याला ब्लॉक-फ्रंट म्हणतात. ही कल्पना न्यूपोर्टची नाही. बॉस्टनच्या जॉब कॉइटचं १७३८ साल घातलेलं ब्लॉक-फ्रंट डेस्क विंटरथर संग्रहालयात आहे, म्हणजे बॉस्टन पुढे होतं. न्यूपोर्टनं काय केलं, तर त्या प्रत्येक पट्टीच्या माथ्यावर एक शिंपला बसवला. फुगीर पट्टीवर फुगीर, खोलगट पट्टीवर खोलगट. एवढ्याशा बदलानं सगळा दर्शनी भाग एका दमात बोलायला लागतो. खणाचा पुढचा भाग एकाच जाड फळीतून कोरून काढायचा, म्हणजे महागड्या लाकडाचा बराच भाग भुशात जाणार. गिऱ्हाईक पैसे मोजत असे ते त्या भुशाचेही.

इथे एक सापळा आहे. नवशिका माणूस खणावर नखानं चाचपतो, फुगीर शिंपल्याच्या कडेला बारीक सांधा लागतो आणि तो जाहीर करतो, ‘चिकटवलेला आहे, म्हणजे खोटा.’ उलट आहे. अस्सल न्यूपोर्ट कामात फुगीर शिंपले बरेचदा वेगळे कोरून वर बसवलेले असतात, आणि खोलगट शिंपला मात्र फळीतच कोरलेला असतो. तुमच्या टेबलातही तसंच आहे. नक्कल करणाऱ्यानं अस्सल नग जवळून पाहिला होता, एवढंच त्यावरून कळतं.

जॉन टाउनसेंडनं काही कामांवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली, सालासकट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचं १७६५ चं चार खणी ब्लॉक-फ्रंट कपाट आहे. त्याच्या आत त्याचं नाव आणि साल आहे. खण कुठला कुठे जातो हे कळावं म्हणून तो त्यांच्यावर ए, बी, सी अशी अक्षरं घाली. ती अक्षरं, त्याचं वळण, डव्हटेलच्या (पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या सांध्याच्या) खुंट्या बारीक ठेवण्याची त्याची पद्धत यांच्या आधारे बिनसहीचे नगही त्याच्याकडे जोडता येतात. पण हे सहीच्या नगांपासून सुरू होतं, शिंपल्यापासून नाही.

डिसेंबर १७७६ मध्ये ब्रिटिश फौजा न्यूपोर्टमध्ये शिरल्या आणि ऑक्टोबर १७७९ पर्यंत तिथेच होत्या. लोक गाव सोडून गेले, सरपणासाठी घरं पाडली गेली, व्यापार बसला तो पूर्वीसारखा उठलाच नाही. एका अर्थानं त्या दारिद्र्यामुळेच जुनं फर्निचर टिकलं. नवीन फॅशनचं घ्यायला पैसेच नव्हते.

आता पैशाची गोष्ट, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. जून १९८९ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन घराण्यातलं न्यूपोर्टचं सहा शिंपल्यांचं भव्य डेस्क-बुककेस क्रिस्टीजच्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं. त्याआधी दोनच वर्षं, १९८७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या कॅडवालडर कुटुंबासाठी केलेली, केसाळ पंजाच्या पायांची एक आरामखुर्ची सदबीजमध्ये २७ लाख ५० हजार डॉलरला गेली होती, आणि तेव्हाच लोकांचे डोळे पांढरे झाले होते. त्या आकड्यांनंतर अमेरिकेच्या ईशान्य भागातला प्रत्येक शिंपला न्यूपोर्टचा झाला आणि प्रत्येक पंजा फिलाडेल्फियाचा. आज मधल्या दर्जाच्या ‘ब्राउन फर्निचर’चे, म्हणजे गडद लाकडाच्या जुन्या सामानाचे भाव त्या काळापेक्षा बरेच उतरले आहेत, चढे भाव फक्त शेंड्यावरच्या नगांना मिळतात. विकणाऱ्यांची भाषा मात्र अजून १९८९ चीच आहे.

म्हणून माझा रिवाज सरळ आहे. नग समोर आला की दर्शनी बाजूकडे मी शेवटी बघतो. दर्शनी बाजू गिऱ्हाइकासाठी असते. नक्कल करणाराही सगळी बुद्धी तिथेच खर्च करतो. पाठीची फळी, खणाचा तळ, खणाच्या आतली पट्टी, पायांच्या आतले ठोकळे हे भाग मूळ कारागिरानं घाईत केलेले असतात आणि नंतर कोणी खोटे करायच्या भानगडीत पडत नाही.

तुमच्या तिसऱ्या फोटोत पाठीच्या फळीवर वाकड्या, एकामागून एक कमानी दिसतात, मोठ्या वर्तुळाच्या तुकड्यांसारख्या. ही गोल करवतीची खूण. गोल करवत अमेरिकेत साधारण १८३०-४० नंतर सर्रास झाली. त्याआधीचं लाकूड हातकरवतीनं किंवा पाणचक्कीवर वरखाली चालणाऱ्या सरळ करवतीनं कापलेलं, त्यामुळे खुणा सरळ आणि थोड्या विषम. सावधगिरी एवढीच की बँड सॉच्या, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या यंत्रकरवतीच्या, खुणाही सरळच असतात, फक्त बारीक आणि एकसारख्या अंतरावर. अनेकजण तिथे फसतात. शिवाय पाठीची फळी कधीतरी बदललेलीही असू शकते. म्हणून एका खुणेवर निकाल देत नाही.

खणाच्या तळाचा फोटो अधिक बोलका आहे. अठराव्या शतकातला सुतार खणाचा तळ जाडसर रंध्यानं तासून सोडून देई. खालून हात फिरवला की आडव्या लाटा बोटांना लागतात, आणि फळीची जाडी एका टोकाला वेगळी, दुसऱ्याला वेगळी असते. तुमच्या सगळ्या तळांची जाडी एकसारखी आहे आणि त्यांवर दात मोजावेत तशा समान अंतरावरच्या बारीक वळ्या आहेत. ते यंत्राच्या फिरत्या रंध्याचं काम. ही वळी दिसायला टॉर्च फळीच्या पातळीत आडवा धरायचा. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही.

तिसरं, स्क्रू. तुम्ही एक काढून पाठवलात, बरं केलंत (पण पुढच्या वेळी काढू नका, जागेवरच फोटो घ्या). त्याला टोकदार अणी आहे. टोकदार स्क्रू बनवण्याचं पेटंट १८४६ चं. त्याआधीचे स्क्रू बोथट टोकाचे, आणि डोक्यावरची खाच बहुधा मध्यावर नसलेली. अर्थात दुरुस्तीत एखादा स्क्रू नवा बसू शकतो. पण तुमच्या फोटोत वरची फळी धरून ठेवणारे सगळे स्क्रू एकाच जातीचे, एकाच वयाचे आणि त्यांच्याभोवती दुसऱ्या भोकाची खूण नाही. म्हणजे ते मूळचेच.

खिळ्यांचं असंच. हातानं घडवलेल्या खिळ्याचं डोकं गुलाबाच्या कळीसारखं कोनदार. १७९० च्या दशकापासून पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे. १८८०-९० नंतर आज मिळतात ते गोल तारेचे. तुमच्या पायांतल्या ठोकळ्यांना तारेचे खिळे आहेत.

लाकडाबद्दल तुम्ही विचारलंत की खणाच्या बाजूंचं लाकूड हिरवट-पिवळट आहे, ते हलकं का. ते ट्युलिप पॉप्लर असावं. न्यूपोर्टमध्ये ते वापरत, चेस्टनट आणि पांढरा पाइनही वापरत. पण नंतरच्या कारखान्यांनीही पॉप्लर भरपूर वापरलं, म्हणून या एका गोष्टीवर काही ठरत नाही. आतलं दुय्यम लाकूड उपयोगी पडतं ते प्रदेश ठरवायला. बॉस्टनच्या नगात बहुतेक पांढरा पाइन मिळतो. फिलाडेल्फियाच्या नगात पॉप्लर, पिवळा पाइन आणि खणाच्या तळाला पांढरा सीडर. आत ओक दिसला तर इंग्लंडकडे संशय जातो. एक ऐतिहासिक टीप: अमेरिकन चेस्टनटवर १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये बुरशीचा रोग दिसला आणि पुढच्या चारेक दशकांत ती जातच जंगलातून जवळपास नाहीशी झाली. म्हणून आत नवं, स्वच्छ चेस्टनट भरपूर असलेला नग फार अलीकडचा असणं अवघड.

उरला खणांच्या झिजेचा प्रश्न. दोन-अडीचशे वर्षं रोज ओढलेल्या खणाच्या खालच्या कडा झिजतात, मागे जास्त आणि पुढे कमी, आणि ज्या पट्टीवर तो सरकतो तिच्यात चर पडतो. दोन्ही झिजा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. तुमच्या पट्ट्या जवळपास सपाट आहेत. लाकूड रेषेला आडवं आक्रसतं, लांबीला नाही. त्यामुळे जुनं गोल टेबल मोजलं तर एका दिशेनं किंचित कमी भरतं. तुमच्या टेबलाच्या पाठीच्या फळ्यांच्या सांध्यांत फटही उघडलेली नाही. हे सगळे पुरावे एकाच बाजूला झुकतात, म्हणून मी १८९० नंतरचं म्हणतो. पितळी मुठींच्या आतल्या बाजूला जादा भोकं आहेत का हे बघायला सांगितलं होतं, ती नाहीत. म्हणजे मुठीही टेबलाइतक्याच जुन्या, बदललेल्या नाहीत. नक्कल म्हणून ही चांगलीच गोष्ट.

तुम्ही विचाराल, पुरावाही कोणी खोटा करू शकत नाही का? करू शकतो, आणि अमेरिकेतली त्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ऱ्होड आयलंडचीच आहे. तिथला शिल्पकार आर्मांड लामोंटेन यानं १९६९ मध्ये सतराव्या शतकातली ‘ब्रूस्टर’ धाटणीची, म्हणजे गोल दांड्या एकमेकींत बसवलेली, खुर्ची घडवली. कोवळं ओक घेऊन, धूर देऊन, मिठाच्या पाण्यानं, ठोकून, घासून तिला तीनशे वर्षांची केली आणि एका व्यापाऱ्याच्या साखळीत सोडून दिली. पुढच्या वर्षी हेन्री फोर्ड म्युझियमनं ती ९ हजार डॉलरला विकत घेतली. लामोंटेनला पैसा नको होता. तज्ज्ञांची परीक्षा घ्यायची होती. म्हणून त्यानं जाणूनबुजून एक खूण ठेवली होती: दांड्या बसवण्याची भोकं आधुनिक ड्रिलनं पाडली. १९७७ मध्ये बातमी फुटल्यावर एक्स-रे काढले तेव्हा भोकांच्या तळाचा आकारच सगळं सांगून गेला. संग्रहालयानं ती खुर्ची नंतर फेकून दिली नाही, शिकवायला ठेवली. मला ती गोष्ट आवडते कारण तिथेही उत्तर बाहेरून दिसणाऱ्या जागी नव्हतं.

तुमचं टेबल मात्र फसवणूक म्हणून बनवलेलं नाही, हे नीट समजून घ्या. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या शताब्दीचं मोठं प्रदर्शन भरलं. त्या सुमारास अमेरिकनांना आपल्या आजोबांच्या घरातलं सामान अचानक प्रिय झालं. त्यानंतर पन्नास-साठ वर्षं न्यू इंग्लंडच्या अनेक कारखान्यांनी अठराव्या शतकाच्या नकला केल्या, जाहिराती देऊन, नकला म्हणूनच. विकणारे आज अशा सगळ्यांना सरसकट ‘सेंटेनियल’ म्हणतात, जरी त्यांतल्या बहुतेक १८७६ नंतर बऱ्याच वर्षांनी झालेल्या असतात. हार्टफर्डमधल्या नेथन मार्गोलिसच्या दुकानाचं काम पाहाल तर हातानं कापलेली डव्हटेल आणि मोजून जुळवलेली महोगनी दिसेल.

आणि वॉलेस नटिंग. हा माणूस मूळचा धर्मोपदेशक. प्रकृतीनं साथ सोडली म्हणून चर्च सोडलं, हातानं रंगवलेल्या छायाचित्रांच्या धंद्यात नाव काढलं, जुन्या फर्निचरचा प्रचंड संग्रह केला, आणि मग मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्या नकला बनवायला कारखाना काढला. संग्रहातला सतराव्या शतकाचा भाग जे. पी. मॉर्गन धाकट्यानं विकत घेऊन हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियमला दिला. नटिंगनं आपल्या मालावर नाव लोखंडी शिक्क्यानं भाजून उमटवायला सुरुवात केली ती याचसाठी, की कोणी त्या खुर्च्या घासून-पुसून अस्सल म्हणून विकू नयेत. आता हाच शिक्का असलेल्या नकलांनाच चाहते आहेत. गमतीचं आहे, पण न्याय्यही. तुमच्या टेबलाच्या मधल्या दाराच्या आतल्या बाजूला, खणांच्या मागच्या पाटीवर आणि तळाच्या पट्टीवर असा एखादा शिक्का, चिठ्ठी किंवा शिसपेन्सिलीचा आकडा आहे का, बघा. कारखान्यांचे नमुना क्रमांक बरेचदा तिथेच असतात.

बाकीची जी नावं तुम्हाला लोकांनी सांगितली, त्यांचंही थोडक्यात. डंकन फायफ हा स्कॉटलंडहून आलेला, न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर मोठं दुकान चालवणारा, १८४७ मध्ये धंदा बंद करणारा माणूस. त्याच्या हयातीतच त्याची इतकी नक्कल झाली की ‘फायफ’ म्हणजे आज फक्त एक धाटणी झाली आहे. विसाव्या शतकातल्या जेवणाच्या टेबलांनाही ते नाव चिकटलं आहे. पंज्याच्या पायांवरून शहर ओळखायचं असेल तर: फिलाडेल्फियाचा चेंडू चपटा, बॉस्टनच्या पंजाची बाजूची बोटं मागे ओढलेली, न्यूयॉर्कचा पंजा चौकोनी आणि जड, आणि न्यूपोर्टच्या चांगल्या कामात बोटांच्या खालून आरपार उजेड दिसतो. फिलाडेल्फियाच्या खुर्चीत बाजूच्या पट्टीचं टोक मागच्या पायातून आरपार येतं. मागून बघा, चौकोन दिसेल. तुमच्या टेबलाला पंजे नाहीत, म्हणून पुढे जातो.

एका नावावर मात्र थांबायलाच हवं, कारण तुमच्या यादीत ते नाही आणि असायला हवं होतं: थॉमस डे. जन्म १८०१, स्वतंत्र कृष्णवर्णीय सुतार, नॉर्थ कॅरोलायनातल्या मिल्टन गावचा. त्या राज्याच्या कायद्यानं बाहेरच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आत यायला बंदी घातली होती, त्यामुळे १८३० मध्ये त्याच्या व्हर्जिनियातल्या पत्नीला आणता येईना. तेव्हा मिल्टनच्या गोऱ्या रहिवाशांनीच विधिमंडळाकडे अर्ज केला, आमचा सुतार गाव सोडून जाईल म्हणून. आणि अर्ज मान्य झाला. पुढे त्याचं दुकान राज्यातल्या सर्वांत मोठ्या फर्निचर दुकानांत गणलं गेलं. त्यानं स्वतः गुलाम ठेवले होते, हेही त्याच्या चरित्रात आहे, आणि ते वगळून त्याच्याबद्दल बोलणं प्रामाणिक नाही.

माझ्या कामाच्या दृष्टीनं डेचं महत्त्व वेगळं आहे. त्यानं फक्त कपाटं आणि सोफे बनवले नाहीत. घरांतले जिने, दारांच्या चौकटी, फायरप्लेसच्या महिरपीही केल्या. जिन्याच्या पायथ्याचा नागमोडी खांब अजून त्याच घरात, त्याच जागी उभा आहे. तो कोणी गाडीत घालून लिलावाला नेलेला नाही. त्या खांबाच्या वळणावरून सुट्या फर्निचरच्या वळणाकडे जाता येतं. न्यूपोर्टचा नग पाच हातांतून फिरून तुमच्यापर्यंत येतो आणि प्रत्येक हात त्याला थोडी गोष्ट जोडतो. डेच्या जिन्याला कोणी गोष्ट जोडू शकत नाही.

आता पॉलिश. खरा जुना नग असता तर माझं उत्तर एका शब्दाचं होतं. न्यू जर्सीतल्याच एका बाईंनी १९६० च्या दशकात घराबाहेरच्या विक्रीत २५ डॉलरला एक पत्त्यांचं टेबल घेतलं होतं. खाली बॉस्टनच्या जॉन सीमोर आणि मुलाची कागदी चिठ्ठी शाबूत होती, आणि त्यांनी ते टेबल खरवडून चमकवलं नव्हतं. जानेवारी १९९८ मध्ये सदबीजनं ते ५ लाख ४१ हजार ५०० डॉलरला विकलं. खरवडलं असतं तर यातली मोठी रक्कम भुशाबरोबर गेली असती.

तुमच्या नकलेला तो धोका नाही. टेबल तुमचं, पॉलिशही तुमचं. तरी मी नको म्हणतो, कारण वरचा काळपट थर हा पॉलिशचा नसून बहुधा जुन्या मेणाचा, धुळीचा आणि स्वयंपाकघरातल्या चिकटाचा आहे. आधी चाचणी करा. पाठीमागच्या किंवा दाराच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याला एक थेंब स्पिरिट लावून टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपड्याचं पॉलिश, म्हणजे लाखेचं. तीच लाख, जी भारतातून जहाजं भरभरून जगभर जात होती आणि पुण्या-मुंबईचे जुने पॉलिशवाले अजून स्पिरिटमध्ये भिजत घालतात. स्पिरिटनं काही झालं नाही पण लॅकर थिनरनं विरघळलं, तर ते नायट्रोसेल्युलोज लॅकर. ते १९२० च्या दशकात फर्निचरवर आलं. म्हणजे या एका थेंबात तुमच्या टेबलाचं वयही थोडं पक्कं होईल. मात्र खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला आणि आसपास शेगडी किंवा मेणबत्ती पेटलेली नको.

मग सफाई. कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण, फडकं घट्ट पिळून, एका वेळी तळहाताएवढी जागा, लगेच कोरडं. शिंपल्यांच्या खाचांत मऊ ब्रश. नंतर वर्षातून एकदा पातळसा मेणाचा हात, बस. फवाऱ्याच्या बाटल्यांतली चकाकी आणू नका. त्यांतलं सिलिकॉन लाकडाच्या रेषांत शिरतं आणि पुढे पॉलिश करणाऱ्याला ते निघता निघत नाही. लिंबाचं तेल म्हणून विकतात तेही नको. आणि टेबल हिवाळ्यात हीटरच्या तोंडाशी ठेवू नका. वरची फळी आडवी आक्रसते, कडेची नक्षीपट्टी नाही आक्रसत, आणि मग जी चीर पडते ती कोणी भरून दिली तरी दिसत राहते.

किंमत विचारलीत, आकडा मी सांगत नाही, तो फोटोवरून सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. विम्यासाठी हवा असेल तर लेखी मूल्यांकन करणाऱ्याला पैसे मोजून प्रत्यक्ष बोलवा, आणि जो तुमच्याकडून नग विकत घ्यायलाही तयार आहे त्याच्याकडून मूल्यांकन करून घेऊ नका. तुलना करायला येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाचं ऱ्होड आयलंड फर्निचर आर्काइव्ह इंटरनेटवर मोफत आहे. तिथे ब्युरो टेबलं काढा, आतले आणि मागचे फोटो असतील ते बघा, आणि तुमच्या टेबलाच्या शिंपल्याच्या पाकळ्या मोजून ताडून बघा. नकलेचा मूळ नमुना कोणता होता हे कदाचित तिथेच सापडेल.

शेवटचं, न विचारलेलं. तुमच्या पहिल्या फोटोत टेबलाच्या वर भिंतीला एक छोटं सागवानी शोकेस टांगलेलं दिसतं, पुढे जाळीसारखा कापलेला पितळी पत्रा आणि कडेला दाट नक्षी. ‘ते असंच मिळालं, त्याच सेलमध्ये, भारतीय हस्तकला’ असं तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे. कदाचित तेवढंच असेल. पण लॉकवुड डी फॉरेस्ट नावाचा न्यूयॉर्कचा चित्रकार-सजावटकार १८८१ मध्ये भारतात आला, आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर त्यानं लाकूडकोरीव कामाचा कारखाना काढला. तिथल्या मिस्त्र्यांनी कोरलेलं सागवान आणि छिद्रं पाडलेला पितळी पत्रा जहाजानं अमेरिकेला जाई. न्यूयॉर्कमध्ये ७ ईस्ट टेन्थ स्ट्रीटवरच्या त्याच्या घराच्या दर्शनी भागावर ते काम अजून बघता येतं, आणि अँड्र्यू कार्नेगीच्या हवेलीत, जिथे आता कूपर ह्युइट संग्रहालय आहे, त्याची सागवानी खोली आहे. त्याच्या वस्तू ईशान्य अमेरिकेतल्या जुन्या घरांतून अधूनमधून निघतात आणि बरेचदा ‘भारतीय हस्तकला’ म्हणून टेबलासोबत फुकट जातात.

शोकेस भिंतीवरून काढा, दोघांनी मिळून. पाठीचा, पितळी पत्र्याच्या आतल्या बाजूचा आणि पत्रा लाकडाला कुठल्या खिळ्यांनी बसवला आहे त्याचा, असे तीन फोटो पाठवा. टॉर्च आडवा धरायला विसरू नका.